शिट्टी बंद करायचं काम

८ फेब्रुवारी १९८७, रविवार

शिवदास आज परत आला आणि परत तेच रडगाणं. "बाई, पिकअप शिट्टी मारतोय हो." जसं काही मीच स्टेजवर उभी राहून शिट्टी मारते!

मी म्हटलं, कुंदाच्या रेडिओला लावून पाहिला तेव्हा गप्प होता की. तर म्हणे, "स्टेजवर मोठे स्पीकर असतात ना, त्यांच्यासमोर उभं राहिलं की सुरू होतो." चहा प्यायला. दोनदा. गिटार खोलून पिकअप माझ्या हातात ठेवला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून गेला. वाकोल्याहून चारकोपला यायचं म्हणजे काय खायचं काम आहे? एवढ्या लांबून माणूस उगाच येत नाही. म्हणजे दोष माझ्याच कामात आहे. मला जेवण गेलं नाही.

समोरची कुंदा विचारते, हा ऑर्केस्ट्रावाला तुझ्याकडे सारखा काय येतो गं? तिला समजावून सांगितलं. गिटारच्या तारांखाली एक कॉइल बसवतात, तिला पिकअप म्हणायचं. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, तिचे आठ हजार वेढे. गिटारची तार हलली की ही कॉइल ते पकडते आणि स्पीकरला पोचवते. मी अंधेरीच्या कंपनीत सतरा वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळले, कंपनीला टाळं लागलं तरी हात तेच आहेत. म्हणून रेडिओ रिपेअरवाल्याने शिवदासला माझ्याकडे पाठवलं.

"वाकोल्यात, सांताक्रूझमध्ये कुणी नाही का गुंडाळणारं?" कुंदा म्हणाली.

"असतील. पण रत्नप्रभासारखं वायंडिंग नाही कुणाचं."

ती हसली. हसायचं काय त्यात, मला कळलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

पिकअप उलगडून पाहिला. वाटच लागली होती! तार गुंडाळून झाली की कॉइल वितळलेल्या मेणात बुडवायची, म्हणजे वेढे एकमेकांना धरून बसतात. मी बुडवली होती नीट, वीस मिनिटं. पण मेण फक्त वरच्या पाचसहाशे वेढ्यांत गेलंय. आत सगळं कोरडं. वेढे सुटे, मधे हवा. मोठा आवाज झाला की ते सुटे वेढे थरथरतात आणि तीच शिट्टी. हवा आत बसली असेल तर मेण जाणार कुठून?

कंपनीत मोठे ट्रान्सफॉर्मर वॉर्निशमध्ये बुडवायच्या आधी एका टाकीत घालून हवा खेचून घ्यायचे. त्या खोलीत बायकांना पाठवत नसत. मी दाराच्या काचेतून बघायची. सतरा वर्षं बाहेरूनच बघितलं. आता घरी करून बघते, कोण अडवतंय?

१४ फेब्रुवारी, शनिवार

भंगारवाल्याकडून फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला. तो मेला विचारतो, "बाई, फ्रिज कुठे तुमच्याकडे?" म्हटलं, तुला काय करायचंय, चालतो का ते सांग. त्याला दोन नळ्या असतात, एकीतून हवा बाहेर फेकतो आणि दुसरीतून आत ओढतो. मला ओढणारी हवी. अंगठा लावून पाहिला, चांगला चिकटला. झकास.

घरी आणला तेव्हा आईची आठवण आली. तिने घर डोक्यावर घेतलं असतं. "गे बाय, ह्या काय हाडलंस घरात?" दीड वर्ष झालं तिला जाऊन. आता काहीही आणलं तरी कुणी ओरडत नाही. कॉम्प्रेसर तिच्या खाटेखाली ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवदास आला. पिकअप झालेला नाही असा निरोप रेडिओवाल्याकडे ठेवला होता, तो त्याला मिळालाच नाही म्हणे. आलाच आहात तर बसा, म्हटलं.

मी नवीन कॉइल गुंडाळायला घेतली. शिलाई मशीनच्या चाकावर बॉबिन बसवलंय. मोजताना मला बोलता येत नाही, आकडा चुकला की सगळं उलगडा. दर शंभराला मी एक चिंचोका वाटीत टाकते. तो म्हणाला, "मी टाकतो, तुम्ही नुसतं बोट वर करा." मग तसंच केलं. ऐंशी चिंचोके. अडीच तास दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याला कंटाळा कसा आला नाही कोण जाणे. गिरणीत मागावर उभं राहायची सवय असेल, संपाच्या आधी तो परळच्या गिरणीत होता. बायको गेली त्याची, आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे त्याने आज सांगितलं, जाताना, चपला घालता घालता.

आज काम फार हलकं वाटलं. हात चालत होता म्हणून असेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हसावं की रडावं! मोठ्या टोपात पाणी, त्यात माझा कुकर, कुकरात मेण, मेणात कॉइल. शिट्टीच्या नळीला रबरी पाइप, पाइप कॉम्प्रेसरला. सगळं मांडायला दोन दिवस गेले. बटण दाबलं. हवा खेचलीच जाईना. रबर बदललं, पाइपला तार आवळली, कणीक लिंपली. काही नाही. दुपारी तीन वाजता डोक्यात प्रकाश पडला. माझ्या कुकरचं झाकण आतल्या बाजूने बसतं. आतून वाफ ढकलते तेव्हा ते घट्ट होतं. मी आतून ओढत होते. म्हणजे झाकण आणखी सैल! सतरा वर्षं वायंडिंगमध्ये काढलेली बाई मी, आणि रोज ज्यात डाळ शिजवते त्याचं झाकण कसं बसतं हे कळू नये?

हे कुणाला तरी सांगून हसावंसं वाटत होतं. कुंदा माहेरी गेलीय. कुकर धुऊन त्यातच भात लावला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कुंदा आली. तिच्या कुकरचं झाकण वरून बसतं, ते ओढलं की जास्तच दाबतं. मागितला. "रत्ने, मेण लागलं तर नवीन घेऊन द्यायचास." पण दिला.

बटण दाबल्याबरोबर झाकण असं बसलं की हाताने हलेना. मी एकटीच टाळ्या पिटत होते. मग आतलं मेण फसफसून वर आलं आणि पाइपमध्ये शिरलं, तिथेच गोठलं. पाइप कापून टाकला. मधे सरबताची जाड बाटली बसवली, म्हणजे मेण उसळलं तरी बाटलीत पडेल. कामाला अक्कल लागते आणि ती चुकल्यावर येते.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिला हवा काढलेला पिकअप तयार झाला. तपासायचा कसा? शिवदासने युक्ती सांगितली. पिकअप तोंडाजवळ धरून बोलायचं. वेढे सुटे असतील तर ते माणसाचा आवाजही पकडतात आणि स्पीकरमधून बोलणं ऐकू येतं. घट्ट असतील तर काही येत नाही, त्याला फक्त लोखंडी तार कळते.

एका खोलीत बसून उपयोग नाही, आवाज तसाच कानावर येतो. मग लांब वायर जोडली आणि गल्लीवरून कुंदाच्या घरात नेली. तिच्या जुन्या रेडिओला मागे ग्रामोफोन लावायची भोकं आहेत, त्यात घातली. शिवदास माझ्या ओट्यावर, मी कुंदाच्या खिडकीत रेडिओला कान लावून. मधून रिक्षा, पोरं, भाजीवाला, त्याचा आवाज सरळ ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आणि आला! लांबून, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. "एक, दोन, तीन. रत्नप्रभाबाई, चहात आलं जास्त झालं."

नापास. मी त्याला आणखी दोनदा बोलायला लावलं. खात्री करायला. दुसऱ्यांदा म्हणाला, "आलं जास्त आहे पण चहा चांगला आहे." तिसऱ्यांदा नुसतं माझं नाव घेतलं. रेडिओ कानाला लागलेला असल्यामुळे फार जवळून आल्यासारखं वाटलं.

नापास तो नापासच. पण पहिल्यापेक्षा आवाज निम्मा. योग्य वाटेवर आहे मी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काही नाही. पाणी उशिरा आलं. दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी कॉम्प्रेसरला म्हटलं, दमलास का रे? मग माझी मलाच लाज वाटली.

१ मार्च, रविवार

नवीन पिकअप दिला. यात हवा जास्त वेळ खेचली. स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहिला, रेडिओत नुसती बारीक टकटक. बोललेलं काही येत नाही, येतं ते पुटपुटल्यासारखं, शब्द कळत नाहीत. शिवदासला म्हटलं, जा, वाजवा आता बिनधास्त. त्याने मेणाच्या डब्याकडे पाहिलं, कॉम्प्रेसरकडे पाहिलं. म्हणाला, "एवढं सगळं माझ्यासाठी?" मी म्हटलं, तुमच्यासाठी कसलं, मला हरलेलं चालत नाही.

८ मार्च, रविवार

परत शिट्टी! मी तर डोक्याला हातच लावला.

शुक्रवारी दिंडोशीच्या कॉलनीत पूजेचा कार्यक्रम होता त्यांचा, तिथे मारली म्हणे. किती वेळ? "होती थोडी." कुठल्या गाण्याला? "आता आठवत नाही." माझ्याशी बोलताना बघत होता खाली, चपलेकडे. मला वाटलं, बिचाऱ्याला माझं काम नावाजता येत नाही म्हणून संकोच होतोय.

तो गेल्यावर कुंदा आली. तिची नणंद दिंडोशीला असते, कुंदा त्या कार्यक्रमाला गेली होती. "शिट्टीबिट्टी काही नव्हती गं, मी पुढेच बसले होते." म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. तर म्हणाली, "तुला तरी कळतं का?" चिडलेच मी. ज्याला वाजवायचं त्याला कळणार की पूजेला गेलेल्या बाईला?

आणखी एक. त्याला मस्कतच्या एका हॉटेलात बँडमध्ये बोलावलंय. दोन वर्षांचा करार. महिनाअखेर सांगायचंय. मला विचारतो, "जाऊ की नको?"

मी काय सांगणार, मी कोण? म्हटलं, जा की! अशी संधी कुणी सोडतं का? पिकअपचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही निघायच्या आत असा करून देते की तिकडचे लोक विचारतील कुणी केला.

तो म्हणाला, "बरं." दुसरा चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाला.

१२ मार्च, गुरुवार

झोप नीट नाही. खरं लिहायचं तर इथेच लिहिता येईल. तो गेला की रविवारी मी काय करणार, हे मला कळत नाही. आधीच्या रविवारी काय करायची तेही आठवत नाही. आई होती, तिचं करायची. त्याच्या आधी बघायला आलेल्यांना चहा द्यायची. मग ते येणंही थांबलं.

आज कॉइल मेणात असताना मनात आलं, कॉम्प्रेसर दोन मिनिटं आधी बंद केला तर? थोडी हवा राहील आत. शिट्टी राहील. मस्कतवाले असला पिकअप घेऊन येणाऱ्याला परत पाठवतील. नाहीतर तो जाणारच नाही.

छे! काय विचार हे! असलं काम माझ्या हातून गेलं तर हात तोडून घेईन. आठ मिनिटं चालू ठेवला. घड्याळ समोर ठेवून.

१८ मार्च, बुधवार

सापडली चूक! हवा पूर्ण निघते, बाहेरची हवा सोडली की मेणही आतपर्यंत जातं, पण मी कॉइल गरम असतानाच बाहेर काढत होते. मेण पातळ, आत गेलेलं परत निथळून यायचं. आज कुकर खाली उतरवला आणि मेण साईसारखं धरेपर्यंत कॉइल आतच ठेवली. मग काढली, पुसली. एक कॉइल खात्री करायला ब्लेडने मधोमध कापली. पार चुंबकापर्यंत मेण! आठ हजार वेढ्यांचं काम कापून टाकलं आणि वाईटसुद्धा वाटलं नाही. त्याच्यासाठी दुसरी गुंडाळली. ऐंशी चिंचोके एकटीनेच टाकले, वेळ जास्त लागला.

कंपनीतल्या कुणाला तरी दाखवायला हवं होतं. त्या दाराच्या काचेआडून जे करत होते, ते मी डाळीच्या कुकरात केलंय.

२२ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

शिवदास दहालाच आला. इस्त्रीचा शर्ट होता. मी म्हटलं, कार्यक्रम आहे का? "नाही, तुमच्याकडेच." मोगऱ्याचा गजरा आणला होता पुडीत, स्टेशनबाहेर एक म्हातारी उन्हात बसली होती, तिची टोपली संपावी म्हणून घेतला म्हणे. माणूस मनाने चांगला आहे. मी तो आईच्या फोटोला घातला.

कुंदा दादरला गेलेली, किल्ली माझ्याकडे होती. वायर गल्लीवरून नेली. तो ओट्यावर बसला, पिकअप हातात. मी कुंदाच्या खिडकीत. रुमाल हलवला की बोलायचं असं ठरलं.

आधी त्याने स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने ठोकलं. काही नाही. लोखंडी टोक जवळ नेलं तेव्हा टक् झालं, म्हणजे वायर ठीक. मग मी रुमाल हलवला.

त्याने पिकअप तोंडाजवळ धरला. एकदा गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, मग बोलायला लागला. रेडिओत नुसती विजेची बारीक गुणगुण. मला विश्वासच बसेना. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. कान लावला, काही नाही. वायर कुठे सुटली की काय म्हणून मागचे दोन्ही प्लग काढून पुसून परत घातले. तरी काही नाही. खिडकीतून बघते तर तो माझ्याकडेच बघत होता. मग थांबला.

मी तिथूनच ओरडले, "एक शब्दसुद्धा पोचला नाही! पास! पास!" भाजीवाला वळून बघायला लागला.

मी धावत परत आले तरी तो तसाच बसलेला. म्हणाला, "खरंच काही ऐकू आलं नाही?"

"काही म्हणजे काही नाही! आईची शपथ!"

तो थोडा वेळ पिकअपकडे बघत राहिला. मग हसला. "तुमच्या हाताला तोड नाही, बाई." मी म्हटलं, आता काही तक्रार? तर म्हणाला, "नाही. तक्रारीला तुम्ही जागाच ठेवली नाहीत."

पिकअप गिटारमध्ये बसवून दिला. चहा अर्धाच प्यायला. जाताना कोपऱ्यावर वळून पाहील असं वाटलं म्हणून मी उभी होते. त्याने पाहिलं नाही. गिटार जड असते.

मी जिंकले. आज फार आनंद व्हायला हवा होता.

२९ मार्च, रविवार

तक्रार आली नाही. म्हणजे काम चोख झालंय.

चहा दोन कप झाला. दुसरा कुंदाला दिला. ती सारखी विचारत होती, त्या दिवशी काय झालं. मी म्हटलं, पास झाला. "एवढंच?" म्हणाली. म्हटलं, अजून काय व्हायला हवं होतं? ती चहा पिऊन गेली.

५ एप्रिल, रविवार

रेडिओवाला भेटला. शिवदास शुक्रवारी गेला. विमानाने. मला सांगायला कशाला येईल, मीच जा म्हटलं होतं. तरी राग आला. मग राग गेला आणि जे उरलं ते त्याहून वाईट होतं. मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं. इथे कोण वाचणार आहे?

१२ एप्रिल, रविवार

दारात गिटार घेतलेला माणूस बघून मी पदर सावरत उठले. पण तो चंद्रप्रकाश निघाला, त्यांच्याच ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला. शिवदासने जायच्या आधी त्याला पत्ता दिला होता. म्हणाला होता, असं काम अख्ख्या मुंबईत होत नाही. मी विचारलं, त्यांचा पिकअप ठीक होता ना दिंडोशीला? चंद्रप्रकाश म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास! मार्च लागल्यापासून कुठे शिट्टी होती त्याची? म्हणून तर मी पत्ता मागत होतो. देतच नव्हता."

मला ऐकूनही कळलं नाही. मी वेड्यासारखं म्हटलं, तुमच्या लक्षात आलं नसेल.

त्याचा पिकअप घेतला, मेण तापवलं, आठ मिनिटं हवा खेचली, मेण धरेपर्यंत थांबले. दुपारनंतर तपासायला घेतला. वायर गल्लीवरून नेली, त्याला ओट्यावर बसवलं, मी कुंदाच्या खिडकीत गेले. रुमाल हलवला आणि रेडिओकडे वळले. कान लावायच्या आत तो उठून उभा, हात झटकत, मला विचारतोय, "आलं का?"

मी ओरडले, "अहो, बोला तरी!"

"बोललो की! एक दोन तीन म्हणायला किती वेळ लागतो?"

मी तिथेच कुंदाच्या स्टुलावर बसले. तो गल्लीपलीकडून हाका मारत होता, बाई, पास का, बाई, काय झालं.

शिवदास बोलत होता तेव्हा मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. कान लावला. दोन्ही प्लग काढले, पदराने पुसले, परत घातले. मग खिडकीतून पाहिलं, तेव्हाही त्याचे ओठ हलत होते. एवढं सगळं तो काहीतरी मला सांगत होता. आणि मी भाजीवाल्यालासुद्धा ऐकू जाईल असं ओरडले, एक शब्दसुद्धा पोचला नाही, पास.